ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य हे महाराष्ट्र राज्यातील मुंबई महानगर प्रदेशात असलेले किनारी वन्यजीव अभयारण्य आहे. ते ठाणे खाडीच्या पश्चिम तीराला लागून, ऐरोली पूल व वाशी पूल यांच्या दरम्यान पसरलेले आहे. अभयारण्याचे क्षेत्रफळ १,६९०.५ हेक्टर असून त्यापैकी सुमारे ८९६ हेक्टर क्षेत्र कांदळवनाचे, तर सुमारे ७९४ हेक्टर क्षेत्र खाडीच्या पाण्याचे व चिखलपट्ट्यांचे आहे. महाराष्ट्र शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित केले. मालवण सागरी अभयारण्यानंतरचे ते राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय.

दरवर्षी हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत या खाडीत फ्लेमिंगो (मराठीत रोहित किंवा अग्निपंख) पक्ष्यांचे मोठे थवे उतरतात. अलीकडच्या काही हंगामांत त्यांची संख्या एक लाखाहून अधिक नोंदली गेली आहे. दाट लोकवस्तीच्या महानगराला खेटून इतक्या मोठ्या संख्येने फ्लेमिंगो एकत्र येणे, हे या अभयारण्याचे प्रमुख वैशिष्ट्य मानले जाते. २०२२ मध्ये अभयारण्य व त्याभोवतीचे क्षेत्र मिळून ठाणे खाडीला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

भौगोलिक स्थान व रचना

ठाणे खाडी ही मुंबई बेट व मुख्य भूमी यांच्या मध्ये आत शिरलेली अरबी समुद्राची चिंचोळी शाखा आहे. दक्षिणेस ती मुंबई बंदराच्या विस्तीर्ण पाण्याला मिळते, तर उत्तरेस ठाणे शहराजवळ अतिशय अरुंद होऊन एका निमुळत्या प्रवाहाने उल्हास नदीच्या खाडीशी जोडलेली आहे. खाडीची लांबी सुमारे २६ किलोमीटर आहे. पश्चिम तीरावर मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी व घाटकोपर ही मुंबईची पूर्व उपनगरे, तर पूर्व तीरावर ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे व वाशी हे नवी मुंबईचे विभाग वसलेले आहेत.

खाडीला गोड्या पाण्याचा पुरवठा प्रामुख्याने पावसाळ्यात होतो. उरलेल्या काळात तिच्यातील हालचाल मुख्यतः भरती-ओहोटीवर अवलंबून असते. मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे २४ तास ५० मिनिटांच्या अवधीत दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. मोठ्या उधाणाच्या दिवशी पूर्ण भरती व पूर्ण ओहोटी यांच्या पातळीतील अंतर चार मीटरहून अधिक असते. भांगाच्या दिवसांत ते बरेच कमी होते. खाडीचा उत्तर भाग उथळ असल्यामुळे ओहोटीच्या वेळी तिच्या दोन्ही कडांना रुंद चिखलपट्टे उघडे पडतात आणि भरतीच्या वेळी ते पूर्णपणे पाण्याखाली जातात. या चिखलपट्ट्यांवरच फ्लेमिंगो व इतर किनारी पक्ष्यांचे अन्न असते. त्यामुळे येथील पक्ष्यांची दिनचर्या सूर्यापेक्षा भरती-ओहोटीवर अधिक चालते.

खाडीकाठी पूर्वापार मासेमारी करणारा कोळी समाज आणि मिठागरे व खाजण जमिनी कसणारा आगरी समाज राहत आला आहे. भांडुप, कांजूरमार्ग व विक्रोळी परिसरात मिठागरांचे अवशेष अद्याप आढळतात. उथळ व साचलेल्या खाऱ्या पाण्यामुळे ही मिठागरेही पक्ष्यांना उपयुक्त ठरतात.

इतिहास

मुंबई परिसरात फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसू लागल्याच्या नोंदी १९९४ च्या सुमारापासून मिळतात. प्रारंभी शिवडी-माहुल येथील चिखलपट्टे हे त्यांचे प्रमुख स्थान होते. पुढे खाडीच्या उत्तर भागात, भांडुप, ऐरोली व वाशी या पट्ट्यात, त्यांचे थवे वाढत गेले. ठाणे खाडी आणि शिवडी-माहुल खाडी या दोहोंचा समावेश भारतातील महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत झालेला आहे.

कांदळवनांच्या संरक्षणास न्यायालयीन आदेशांमुळे बळ मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आदेश देऊन राज्यातील कांदळवनांची तोड व त्यांवर भराव टाकणे यांस मनाई केली. या प्रकरणाच्या सप्टेंबर २०१८ मधील अंतिम निकालात न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरतो, असे नमूद केले. दरम्यान २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. शासकीय मालकीची कांदळवने टप्प्याटप्प्याने राखीव वन म्हणून अधिसूचित करण्यात आली. अभयारण्याचे व्यवस्थापनही याच कक्षाकडे आहे.

२०१५ मध्ये अभयारण्य घोषित झाल्यानंतर २०१७ मध्ये ऐरोली येथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सुरू झाले. २०२१ मध्ये केंद्र शासनाने अभयारण्याभोवतीचे सुमारे ४८ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केले. अभयारण्य व हे संवेदनशील क्षेत्र मिळून सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्राचा २०२२ मध्ये रामसर यादीत समावेश झाला. नांदूर मध्यमेश्वर व लोणार सरोवर यांच्यानंतरचे हे महाराष्ट्रातील तिसरे रामसर स्थळ आहे.

वनस्पती

अभयारण्यातील कांदळवनात तिवर या वृक्षाचे प्राबल्य आहे. खारटपणा, प्रदूषण व गाळ सहन करण्याची त्याची क्षमता मोठी असल्याने महानगराच्या सान्निध्यातही तो टिकून आहे. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी उभी वर येतात व ओहोटीच्या वेळी हवेतील प्राणवायू घेतात. तिवराखेरीज चिप्पी, काजळा, मारांडी व कांदळ यांसारख्या वनस्पतीही आढळतात.

कांदळवनांमुळे भरतीच्या लाटांचा जोर कमी होतो, किनाऱ्याची धूप रोखली जाते आणि पुराचे पाणी काही काळ सामावले जाते. मासे, कोळंबी व खेकडे यांच्या पिल्लांना या मुळांच्या जाळ्यात आसरा मिळतो. मात्र कांदळवन व चिखलपट्टा यांचे नाते सरळ नाही. खाडीत येणारा गाळ वाढला की चिखलपट्ट्यांची उंची वाढते व त्यांवर तिवराची रोपे रुजू लागतात. त्यामुळे कांदळवनाचा विस्तार होत असला, तरी फ्लेमिंगो व इतर किनारी पक्ष्यांना लागणारा उघडा चिखल तितक्या प्रमाणात कमी होतो.

प्राणिजीवन

चिखलपट्ट्यांवर निवट्या, विविध जातींचे खेकडे, गोगलगायी, शिंपले व कृमी मोठ्या संख्येने आढळतात. निवट्या हा मासा असूनही ओहोटीच्या वेळी चिखलावर सरपटत व उड्या मारत वावरतो. कांदळवनात सोनेरी कोल्ह्याचे वास्तव्य आहे.

पक्षी

ठाणे खाडीतून सुमारे २०० जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. खाडी मध्य आशियाई उड्डाणमार्गावर असल्यामुळे उत्तरेकडील थंड प्रदेशांतून येणारे स्थलांतरित पक्षी येथे हिवाळा घालवतात किंवा पुढील प्रवासापूर्वी थांबतात. नियमितपणे दिसणाऱ्या पक्ष्यांचे स्थूलमानाने पुढीलप्रमाणे गट करता येतात.

• चिखलात चोच खुपसून किंवा पृष्ठभागावरून अन्न टिपणारे पक्षी: काळ्या शेपटीचा गॉडविट, कुरल, शेकाट्या, उचाट्या, तुतवार, टिलवा व चिखल्या. गॉडविटचे थवे बऱ्याचदा फ्लेमिंगोंच्या शेजारीच चरताना दिसतात.
• उथळ पाण्यात उभे राहून शिकार करणारे पक्षी: राखी बगळा, समुद्री बगळा, मोठा बगळा, चित्रबलाक, पांढरा शराटी व मोर शराटी.
• पाण्यावरून उडत अन्न शोधणारे पक्षी: कुरव व सुरय यांच्या अनेक जाती. होडीतून फिरताना कुरवांचे थवे हमखास दिसतात.
• बदके: थापट्या व तलवार बदक. ही प्रामुख्याने भांडुप परिसरातील तळी व मिठागरे येथे आढळतात.
• शिकारी पक्षी: कैकर, दलदली भोवत्या, ब्राह्मणी घार व ठिपक्यांचा गरुड.
• कांदळवनातील पक्षी: खंड्याच्या विविध जाती, वेडा राघू व लहान गाणारे पक्षी.

फ्लेमिंगो

अभयारण्यात फ्लेमिंगोच्या दोन जाती आढळतात.

लहान रोहित (शास्त्रीय नाव: फिनिकोनायस मायनर) ही येथे बहुसंख्येने येणारी जात आहे. तिची उंची साधारणपणे ८० ते ९० सेंटिमीटर असते. चोच गडद किरमिजी रंगाची असून दुरून ती जवळजवळ काळी भासते. अंगावरील गुलाबी छटा अधिक गडद असते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात संकटसमीप म्हणून नोंदलेली आहे.

मोठा रोहित (शास्त्रीय नाव: फिनिकॉप्टेरस रोझियस) १.१ ते १.५ मीटर उंच असतो. त्याची चोच फिकट गुलाबी असून फक्त टोक काळे असते. अंग बरेचसे पांढरे दिसते, मात्र उडताना पंखांवरील तांबडा व काळा रंग उठून दिसतो. ही जात सध्या संकटग्रस्त मानली जात नाही.

दोन्ही जाती मान वाकवून व चोच उलटी करून अन्न घेतात. चोचीच्या कडांना कंगव्याच्या दात्यांसारख्या बारीक पट्टिका असतात. जाड जीभ दट्ट्याप्रमाणे मागेपुढे हलवून पक्षी पाणी आत ओढतो व बाहेर टाकतो आणि या पट्टिकांवर अडकलेले अन्न गिळतो. लहान रोहिताच्या पट्टिका अधिक बारीक असून तो प्रामुख्याने नीलहरित शैवाल व डायाटम यांसारखे सूक्ष्म जीव खातो. मोठा रोहित चिखलातील लहान कवचधारी प्राणी, कृमी व अळ्या यांवरही जगतो. त्यामुळे एकाच चिखलपट्ट्यावर चरताना दोघांमध्ये अन्नासाठी फारशी स्पर्धा होत नाही. पिसांचा गुलाबी रंग शैवाल व कवचधारी प्राण्यांतील कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांपासून येतो. पिल्ले व कमी वयाचे पक्षी करड्या-तपकिरी रंगाचे असतात. प्रौढ रंग येण्यास काही वर्षे लागतात. खाडीतील थव्यांमध्ये असे करडे पक्षीही दिसतात.

फ्लेमिंगो ठाणे खाडीत घरटी करत नाहीत. भारतातील त्यांची प्रमुख वीण गुजरातमधील कच्छच्या रणात होते. पावसाळ्यात रणात पाणी साचल्यावर ते चिखलाची बुटकी, शंकूसारखी घरटी बांधतात व साधारणपणे एकच अंडे घालतात. रणातील पाणी आटू लागल्यावर पक्षी विखुरतात. ठाणे खाडीत ते साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरपासून येऊ लागतात व मे अखेर किंवा जूनच्या आरंभी परततात. रणातील पाऊस लांबल्यास त्यांचे आगमनही लांबते. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) भांडुप येथे सहा फ्लेमिंगोंना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवली. त्यांपैकी काही पक्षी पावसाळ्यात गुजरातेत गेल्याचे, तसेच हंगामात परत आल्याचे नोंदींवरून दिसून आले.

या खाडीत फ्लेमिंगो का वाढले, याचे एक स्पष्टीकरण खाडीतील पोषकद्रव्यांशी निगडित आहे. शहरांच्या सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र व स्फुरद यांच्या संयुगांमुळे शैवालाची वाढ होते आणि शैवाल हे लहान रोहिताचे मुख्य अन्न आहे. या अर्थाने प्रदूषणाचा काही अंश या पक्ष्यांच्या पथ्यावर पडला आहे. तथापि त्याच पाण्यातून जड धातू, रसायने व प्लास्टिकही खाडीत येते आणि सेंद्रिय भार एका मर्यादेपलीकडे गेल्यास पाण्यातील प्राणवायू घटतो. त्यामुळे पक्ष्यांची मोठी संख्या हे खाडी निरोगी असल्याचे लक्षण मानता येत नाही.

भरतीच्या वेळचे विसावे

ओहोटीच्या वेळी फ्लेमिंगो चिखलपट्ट्यांवर चरतात. भरती चढू लागली की चरण्याची जागा पाण्याखाली जाते आणि थव्यांना उथळ पाणी असलेल्या दुसऱ्या जागी जावे लागते. पुढील ओहोटीपर्यंत ते तेथे विश्रांती घेतात, पिसे साफ करतात व काही प्रमाणात चरतात. रात्रीच्या भरतीलाही हेच घडते. याचा अर्थ असा की, प्रत्येक पक्ष्याला दिवसातून दोन वेळा चरण्याच्या जागेवरून विसाव्याच्या जागी व तेथून परत असा प्रवास करावा लागतो.

असे अनेक विसावे अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. मुंबईच्या बाजूस भांडुप उदंचन केंद्रालगतची तळी, नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्स परिसरातील टी. एस. चाणक्य (तळवे), एनआरआय व डीपीएस तलाव, तर उरण तालुक्यात बेलपाडा, भेंडखळ व पाणजे या पाणथळ जागा त्यांत मोडतात. यांपैकी भांडुप, टी. एस. चाणक्य, एनआरआय, बेलपाडा, भेंडखळ व पाणजे या जागांचे अभयारण्याच्या पूरक पाणथळ जागा म्हणून संवर्धन व्हावे, अशी शिफारस बीएनएचएसने केली होती. विसावे नष्ट झाल्यास पक्ष्यांना अधिक लांब व अधिक वेळा उडावे लागते, स्थलांतरासाठी साठवलेली चरबी खर्ची पडते आणि अखेरीस चिखलपट्टे शाबूत असूनही पक्षी खाडी सोडून जाऊ शकतात. म्हणून अभयारण्याचे भवितव्य त्याच्या सीमेच्या आतील क्षेत्राइतकेच सीमेबाहेरील या तळ्यांवर अवलंबून आहे.

पक्षीनिरीक्षण

पक्षीनिरीक्षणासाठी जानेवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत अनुकूल असतो. मे महिन्यातही थवे असतात, मात्र उष्णता तीव्र असते. नोव्हेंबर ते मार्च या काळात इतर स्थलांतरित पक्ष्यांची विविधता अधिक असते.

भरती-ओहोटीची वेळ

सहलीची वेळ ठरवताना भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहणे आवश्यक ठरते. पूर्ण ओहोटीच्या वेळी पक्षी किनाऱ्यापासून दूर, पाण्याच्या कडेशी विखुरलेले असतात. पूर्ण भरतीच्या वेळी चिखलपट्टे दिसेनासे होतात व पक्षी विसाव्याच्या जागी गेलेले असतात. ओहोटीनंतर पाणी चढू लागते, तेव्हा उरलेल्या अरुंद पट्ट्यावर थवे गोळा होतात व किनाऱ्याच्या जवळ येतात. निरीक्षणास हाच काळ सर्वांत उपयुक्त असतो.

कोकण किनाऱ्यावर प्रचलित असलेल्या ढोबळ हिशेबानुसार तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला (८ × ३/४) सुमारे सहा वाजता, तर पौर्णिमा-अमावास्येला (१५ × ३/४) सुमारे सव्वा अकरा वाजता भरती येते. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी होते. प्रत्यक्ष वेळ यापेक्षा काहीशी पुढेमागे असते, त्यामुळे अधिकृत वेळापत्रक पाहणे श्रेयस्कर. या हिशेबाने पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी आठ ते दहा या वेळेत पाणी चढत असते, तर अष्टमीच्या आसपास भर दुपारी ओहोटी असते व चढते पाणी दुपारनंतर मिळते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

निरीक्षणाची ठिकाणे

• ऐरोली: किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन व सागरी जीवांविषयी प्रदर्शन आहे. कांदळवन प्रतिष्ठानातर्फे हंगामात येथून फ्लेमिंगो पाहण्यासाठी होडीची फेरी चालवली जाते. फेरीच्या वेळा भरतीनुसार बदलतात व आगाऊ नोंदणी करावी लागते. ठाणे-वाशी रेल्वेमार्गावरील ऐरोली हे जवळचे स्थानक आहे.
• भांडुप उदंचन केंद्र परिसर: येथील कांदळवन, तळी व मिठागरे यांमुळे पक्ष्यांची विविधता मोठी आहे. बदके, शिकारी पक्षी व कांदळवनातील लहान पक्षी पाहण्यासाठी हा परिसर प्रसिद्ध आहे.
• शिवडी: अभयारण्याच्या सीमेबाहेर असले तरी येथील चिखलपट्टा मुंबईतील फ्लेमिंगो निरीक्षणाचे सर्वांत जुने व परिचित ठिकाण आहे.
• नेरूळ-सीवूड्स: तळवे, एनआरआय व डीपीएस तलाव येथे भरतीच्या वेळी विसावलेले थवे किनाऱ्यावरून पाहता येतात. शिवडी किंवा ऐरोलीस ज्या वेळी पक्षी दिसत नाहीत, त्याच वेळी येथे ते दिसण्याचा संभव अधिक असतो.

घ्यावयाची काळजी

फ्लेमिंगोला उड्डाण घेण्यासाठी पाण्यावरून काही पावले धावावे लागते, त्यामुळे एकदा थवा उठल्यास त्याची बरीच शक्ती खर्च होते. चरणाऱ्या पक्ष्यांनी मान वर करून एका दिशेने चालू लागणे, हे ते अस्वस्थ झाल्याचे चिन्ह समजावे व होडी किंवा निरीक्षकांनी तेथेच थांबावे. छायाचित्रासाठी थवा उडवणे, ड्रोन वापरणे व चिखलपट्ट्यावर उतरणे टाळावे. चिखल खोल असल्याने त्यावर उतरणे माणसासही धोक्याचे असते. दुर्बीण, फिकट किंवा मातकट रंगाचे कपडे, टोपी व पाणी सोबत असावे.

धोके

विसाव्यांचा ऱ्हास हा सर्वांत ठळक धोका आहे. नवी मुंबई व उरण परिसरातील अनेक पाणथळ जागांवर भराव, बांधकाम किंवा भरतीचे पाणी येण्याचे मार्ग बंद होणे यांचा परिणाम झाला आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात भरतीचे पाणी येणे थांबल्याने तो कोरडा पडू लागला. त्या सुमारास तलाव परिसरात काही फ्लेमिंगो मृत व जखमी अवस्थेत आढळले. पर्यावरणप्रेमी नागरिकांनी हा प्रश्न लावून धरला. त्यानंतर २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली.

उड्डाणमार्गातील अडथळे हा तुलनेने नवा धोका आहे. २० मे २०२४ रोजी रात्री मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाची घाटकोपर परिसरात फ्लेमिंगोंच्या थव्याशी धडक होऊन ३० हून अधिक पक्षी मरण पावले. खाडी ओलांडणाऱ्या उच्चदाब वीजवाहिन्या, उंच इमारती, प्रखर दिवे व नवी मुंबई येथील नवा विमानतळ यांमुळे पक्ष्यांच्या ये-जा करण्याच्या मार्गांचा अभ्यास महत्त्वाचा ठरला आहे.

पायाभूत प्रकल्पांचाही खाडीवर परिणाम होतो. शिवडी व न्हावा शेवा यांना जोडणारा सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. तो शिवडीच्या चिखलपट्ट्यावरून जातो. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेमार्ग मात्र अभयारण्याच्या परिसरात भूमिगत असून त्याच्या सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या बोगद्याचा ७ किलोमीटर भाग ठाणे खाडीखालून जातो. या प्रकल्पासाठी मुंबई, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील मिळून सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली.

याखेरीज घरगुती सांडपाणी, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील सांडपाणी, प्लास्टिक कचरा, राडारोडा टाकणे व वाढता गाळ हे दीर्घकालीन धोके आहेत. खाडी उथळ होत गेल्याचा व पाणी दूषित झाल्याचा फटका पारंपरिक मासेमारी करणाऱ्या कोळीवाड्यांनाही बसला आहे. पक्ष्यांचे अन्न व मच्छीमारांची उपजीविका ही दोन्ही एकाच पाण्यावर अवलंबून आहेत.

संवर्धन

अभयारण्याच्या क्षेत्रास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, कांदळवनांस किनारी नियमन क्षेत्राचे नियम व न्यायालयीन आदेश, तर भोवतालच्या पट्ट्यास संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना असे स्तरनिहाय संरक्षण आहे. रामसर दर्जामुळे स्थळाचे पर्यावरणीय स्वरूप टिकवण्याची आंतरराष्ट्रीय बांधिलकी भारताने स्वीकारली आहे. कांदळवन कक्ष व कांदळवन प्रतिष्ठान यांच्यामार्फत गस्त, कांदळवनांची लागवड, स्वच्छता मोहिमा व शालेय विद्यार्थ्यांसाठी निसर्गशिक्षण हे उपक्रम राबवले जातात. बीएनएचएसने खाडीतील फ्लेमिंगो व किनारी पक्ष्यांची गणना, कडी घालणे व दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे.

या संरक्षणातील प्रमुख उणीव विसाव्यांच्या बाबतीत आहे. पूरक पाणथळ जागांपैकी बहुतेक जागा अभयारण्यात किंवा रामसर क्षेत्रात मोडत नाहीत आणि त्यांची मालकी व नियोजन वेगवेगळ्या यंत्रणांकडे आहे. त्यांचे संरक्षण कोणत्या कायद्यान्वये व कोणी करावे, हा प्रश्न प्रत्येक जागेसाठी स्वतंत्रपणे सोडवावा लागत आहे. डीपीएस तलावाविषयीचा निर्णय या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो, कारण त्यामुळे अभयारण्याच्या सीमेबाहेरील एका विसाव्याला स्वतंत्र कायदेशीर दर्जा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

हे सुद्धा पहा

• फ्लेमिंगो
• कांदळवन
• रामसर करार
• मालवण सागरी अभयारण्य
• नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य
• कर्नाळा पक्षी अभयारण्य
• कच्छचे रण